देवळाचे घर

नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात सेंट याकोबस नावाचे एक चर्च आहे. ते १८७० साली बांधले गेले. तेथील उपासना थांबल्यावर, १९९१ पासून, जुन्या फर्निचरचे विक्रीदालन, बैठकांची जागा आणि अधूनमधून होणाऱ्या छोट्या मैफली असा त्याचा निराळाच संसार सुरू झाला. पुढे ‘झेक’ या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने २००९ च्या सुमारास त्याचे राहत्या घरात रूपांतर केले. या घराची छायाचित्रे देशोदेशींच्या नियतकालिकांतून झळकली. आम्हीही ती बराच वेळ पाहत बसलो होतो. मनात प्रथम जे आले ते कबूल केलेले बरे: घर देखणे आहे, आणि तसल्या घरात चार दिवस राहायला मिळाले तर आम्ही नको म्हटले नसते.

नंतर मात्र अस्वस्थ वाटू लागले. ही अस्वस्थता केवळ भाविक मनाचा हळवेपणा आहे, की त्या वास्तूतच तिला काही कारण आहे, याचा शोध घ्यावा म्हणून हे लिहीत आहोत.

पावित्र्यभंगाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवतो. तो वाटतो तितका अवघड नाही. आपल्या धर्मसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेत त्याचा विचार झालेला आहे. चर्च उपासनेसाठी वापरणे अशक्य झाले आणि त्याची दुरुस्तीही होण्यासारखी नसली, तर बिशप ते लौकिक वापरासाठी मोकळे करू शकतात. अट एवढीच की तो वापर हीन नसावा. इतर गंभीर कारणांसाठीही तसे करता येते, परंतु त्यापूर्वी धर्मगुरूंच्या मंडळाचे मत घ्यावे लागते, ज्यांचा त्या वास्तूवर कायदेशीर हक्क आहे त्यांची संमती लागते आणि आत्म्यांच्या कल्याणाला बाधा येणार नाही हे पाहावे लागते. याच संहितेत आणखी एक बारीकशी तरतूद आहे, ती आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. चर्च लौकिक वापराला दिले गेले तरी वेदीचे समर्पण त्यामुळे संपत नाही. भिंती मोकळ्या होतात, वेदी होत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात रोम येथे या विषयावर परिषद भरली होती. तिच्या मार्गदर्शक सूत्रांत, वास्तुकलेच्या दृष्टीने फारसे मोल नसलेल्या इमारतींचे खाजगी निवासस्थान करण्यास मुभा असावी असे सुचवले आहे. अडचण अशी की घर करायला लोकांना सुंदर चर्चच हवे असते. ओबडधोबड चर्च विकत घेऊन त्यात संसार थाटायची हौस कोणाला असणार?

आता वास्तूकडे वळू. सेंट याकोबसच्या आत, दुकानाच्या काळात, एक मोठा पोटमाळा घातला गेला होता. जागा वाढली, पण उंची मारली गेली. झेकच्या रचनाकारांनी त्या पोटमाळ्याला छेद देऊन प्रकाशाला खालपर्यंत येण्याची वाट करून दिली आणि उरलेल्या भागाला एखाद्या शिल्पासारखा आकार दिला. झोपण्याच्या खोल्या, अभ्यासिका, स्नानगृह ही सारी या पांढऱ्या आकारात सामावलेली आहेत. हा आकार जुन्या भिंतींपासून व खांबांपासून अलग उभा आहे. म्हणजे उद्या कोणाला हे घर तेथून काढून न्यावेसे वाटले, तर चर्चला फारशी इजा न होता ते करता यावे. परक्याच्या वाड्यात उतरलेल्या सज्जन पाहुण्याने भिंतीत खिळाही ठोकू नये, तसा हा संकोच आहे. या घराचे सर्वांत मोठे यश आम्ही त्यातच मानतो. कोरीव लाकडी वेदीमागे शीतकपाट दडवणे, बाप्तिस्म्याच्या कुंडात फुलझाडे लावणे अशी जी चतुराई अशा घरांतून करता येते, तिच्यापेक्षा हा संकोच कितीतरी सुसंस्कृत आहे. ती चतुराई पाहुण्यांना हसवण्यासाठी असते, आणि असला विनोद दुसऱ्या भेटीत शिळा होतो.

खिडक्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. जुन्या रंगीत काचा रचनाकारांनी राखल्या आहेत. त्याखेरीज मोन्द्रियानच्या चित्रांची आठवण करून देणारी, काटकोनी रेषांची एक नवी खिडकीही बसवली आहे. काही रसिकांना ही नवी खिडकी उपरी वाटेल. आमचे मत उलट आहे. चर्चची खिडकी बाहेर पाहण्यासाठी नसतेच. ती फक्त उजेड आत घेते, आणि तोही संतांच्या वस्त्रांतून गाळून. त्या उजेडात रविवारचा एक तास जातो, पण सारे आयुष्य काढता येत नाही. घरातल्या माणसाला पाऊस आला का, मूल शाळेतून परतले का, हे पाहावे लागते. चर्च आणि घर यांच्या गरजा खरोखरच भिन्न आहेत हे त्या काटकोनी काचेने निदान लपवले तरी नाही.

भिन्न आहेत त्या कशाने? येथे आपल्याच भाषेतला एक शब्द मदतीला येतो. आपल्या वाडवडिलांनी चर्चलाही सहजपणे ‘देऊळ’ म्हटले. देऊळ म्हणजे मूळचे ‘देवकुल’, देवाचे घर. आणि कुल म्हणजे घराणेही. तेव्हा देऊळ आणि कुटुंब यांचे वैर नाही, ते एकाच शब्दात नांदतात. इतिहासही तेच सांगतो. फरात नदीच्या काठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपोस या प्राचीन नगराच्या उत्खननात १९३० च्या दशकाच्या आरंभी एक घर सापडले. इसवी सन २३२ च्या सुमारास बांधलेले हे साधे राहते घर ख्रिस्ती लोकांनी उपासनेसाठी वापरात घेतले होते. निश्चित कालनिर्णय करता येतो अशा प्रार्थनास्थळांत ते सर्वांत जुने गणले जाते. तेथे त्यांनी केलेला बदल कोणता, तर दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक दालन केले. एका लहानशा खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले आणि तिच्या भिंतींवर उत्तम मेंढपाळ, पाण्यावरून चालणारा येशू अशी चित्रे काढली. सुमारे २५६ साली सासानी सैन्याने नगर घेतले आणि सारे मातीखाली गेले.

आमची कसोटी ही एक पाडलेली भिंत आहे. घराचे देऊळ होताना एक भिंत गेली, कारण शेजारच्या अनोळखी माणसाला आत बसायला जागा हवी होती. देवळाचे घर होताना भिंती वाढतात, आणि तेही स्वाभाविकच आहे. आडोशाशिवाय घर कसले? सेंट याकोबसच्या रचनाकारांनी भिंती कमीत कमी घातल्या, पोटमाळ्याला भोके पाडली, उंची परत मिळवून दिली. पण ती उंची आता कोणासाठी? शेकडो माणसांचे गाणे वर चढावे म्हणून राखलेली पोकळी एका घरची चैन झाली. जुन्या बाकांचाही घरात उपयोग केला आहे असे म्हणतात. बाक ही अनोळखी माणसाला खेटून बसण्याची वस्तू आहे. घरात त्यावर बसणारा प्रत्येक जण बोलावलेला असतो. हा रचनाकारांचा दोष नव्हे, पण कोणत्याही कौशल्याने तो भरून निघत नाही, आणि छायाचित्रांत तो दिसतही नाही. मोकळे दालन पाहून डोळे निवतात, म्हणून नसलेली माणसे आठवत नाहीत.

इंग्लंडच्या खेड्यांत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. तेथे १९६९ पासून अँग्लिकन पंथाची सुमारे २००० चर्च उपासनेसाठी बंद झाली, आणि त्यांतील अनेकांची घरे झाली. गावातले चर्च बहुधा कबरस्तानासह असते. चर्च विकले गेले तरी आजोबांची कबर अंगणातच राहते, आणि फुले घेऊन येणाऱ्या नातवाला दुसऱ्याच्या अंगणातून जावे लागते.

कवी फिलिप लार्किन याने १९५४ साली लिहिलेली ‘चर्च गोइंग’ ही कविता येथे आठवते. एक अश्रद्ध सायकलस्वार वाटेतल्या रिकाम्या चर्चमध्ये शिरतो आणि उद्या ही सारी चर्च ओस पडली तर त्यांचे काय होईल, असा विचार करू लागतो. कोणी त्यांचे संग्रहालय करील, कोणी ती पावसावर नि मेंढरांवर सोडून देईल, असे अनेक तर्क तो करतो. पण तेथे कोणी राहायला येईल, हे काही त्याच्या मनात येत नाही. एवढ्या चाणाक्ष कवीच्या नजरेतून ही शक्यता सुटावी याचे आम्हांला नवल वाटत नाही. त्याने पडझड कल्पिली होती, आणि पडलेल्या देवळात वाटसरूला निदान शिरता येते.

हे वसईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १७३९ नंतर किल्ल्यातली आपली देवळे उजाड झाली. आज त्यांतील बहुतेकांना छप्पर नाही, पण दारही नाही, आणि कोणीही आत उभे राहून आकाश पाहू शकतो. वसईहून नेलेली घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळात बांधली गेली. तिचे हे देशांतर आपल्या पूर्वजांना किती झोंबले असेल ते सांगायला नको. तरी ती सर्वांना ऐकू येण्यासाठीच टांगली गेली. तिचा देव बदलला, काम बदलले नाही.

आणि आपण? मिस्सा संपली की आपल्याकडेही अनेक ठिकाणी चर्चला कुलूप लागते. चोरीचे भय खरे आहे, सेवकांचा तुटवडाही खरा आहे. तरी आमच्या लहानपणी बाजाराहून परतणारी बाई पाटी पायरीशी ठेवून दोन मिनिटे आत जाऊन येत असे. आज भर दुपारी तिला मागच्या दाराने किल्ली मागावी लागेल, आणि किल्ली मागण्याइतके काही मोठे कारण तिच्यापाशी नसते.

लार्किनचा सायकलस्वार आज त्या घराशी आला, तर त्याला दारावर टपालाची पेटी दिसेल, बाजूला घंटीचे बटण दिसेल. घरचे लोक भले असतील, कदाचित कौतुकाने सारे घर हिंडून दाखवतील. पण तो बटण दाबणार नाही. आत कोणी आहे हे कळल्यावर, आत जाण्याचे त्याचे कारणच उरत नाही.