ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स': क्षमा कोणाकडे मागायची?

ख्रिस्ती श्रद्धेत पापाशी झगडणे म्हणजे काय आणि क्षमा मिळणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर धर्मशास्त्राच्या व्याख्यांपेक्षा एक ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये तो लिहायला घेतला. 'कन्फेशन्स' हे त्याचे नाव. त्याचे एकूण तेरा भाग असून पहिल्या नऊ भागांत पूर्वायुष्याची हकिगत येते.

शीर्षकाबाबत सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. मराठीत 'कबुलीजबाब' म्हटले की पोलीस ठाणे डोळ्यांसमोर येते. मूळ लॅटिन शब्दाला अपराधाची कबुली आणि ईश्वराची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत. संपूर्ण ग्रंथ ईश्वराला 'तू' म्हणून उद्देशून लिहिलेला आहे. आपण वाचक बाजूला उभे राहून ऐकतो. भक्तिपरंपरेतील 'आत्मनिवेदन' हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. चित्रपटात दिसणारी, पडद्याआड बसलेल्या धर्मगुरूजवळची कबुलीही येथे कल्पू नये. वर्षातून एकदा तरी अशी कबुली द्यावी हा सार्वत्रिक नियम 1215 सालचा, म्हणजे आठ शतकांनंतरचा आहे.

दुसऱ्या भागातील नासपतीच्या चोरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सोळा वर्षांचा ऑगस्टीन मित्रांबरोबर रात्री एका झाडाची फळे चोरतो. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली जातात. पोरवयातल्या या खोडीवर एका बिशपने पानेच्या पाने खर्च करावीत, याचे अनेक वाचकांना हसू येते. पण प्रसंगाचे महत्त्व त्याच्या क्षुल्लकपणातच आहे. खून किंवा व्यभिचार यांमागे लोभ, सूड, वासना अशी काही ना काही कारणे सापडतात. येथे कारणच सापडत नाही. मग पाप केवळ पापासाठी केले काय? ऑगस्टीन या उत्तराशीही थांबत नाही. आपण एकटे असतो तर हे केलेच नसते, असेही तो नोंदवतो. टोळक्यात निर्लज्जपणाचीच शेखी मिरवली जाते, हे निरीक्षण आज कोणत्याही वसतिगृहात पटावे.

आठव्या भागात मिलान येथील बागेचा प्रसंग येतो (386). सुधारण्याची इच्छा आहे आणि नाहीही. तरुणपणी आपण ईश्वराकडे शुद्धता मागत होतो, पण ती लगेच मिळू नये असेही मनात होते, हे तो स्पष्टपणे सांगतो. मन शरीराला आज्ञा देते तेव्हा हात उचलला जातो, पण मन स्वतःलाच आज्ञा देते तेव्हा ती पाळली जात नाही. या कोड्याचे त्याने केलेले विश्लेषण ग्रंथातील सर्वोत्तम भागांपैकी एक आहे. लहान मुलाचा आवाज ऐकून तो पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडतो आणि संशय मावळतो. अनेक सारांश येथेच संपतात, आणि तेथेच त्यांची गफलत होते. दहाव्या भागात बिशप झालेला ऑगस्टीन आपली आजची अवस्था तपासतो. स्वप्नांत जुन्या प्रतिमा येतात; जेवताना गरज कोठे संपते आणि चव कोठे सुरू होते ते कळत नाही; स्तुती ऐकून सुख होते. क्षमा मिळाली, तरी झगडा चालूच आहे. ईश्वराने आज्ञा करावी, आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशी त्याची विनवणी आहे. याच विनवणीवर पेलाजिअस चिडला होता. माणसाच्या स्वतःच्या जबाबदारीचे मग काय, हा त्याचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

आता सहाव्या भागातील अवघड जागा. ऑगस्टीन एका स्त्रीबरोबर दशकाहून अधिक काळ राहिला. तिच्याशी आपण एकनिष्ठ होतो असे तो म्हणतो. त्यांना एक मुलगा झाला, आदेओदातुस. पुढे प्रतिष्ठित विवाह ठरला, तेव्हा ती अडसर म्हणून दूर केली गेली. यापुढे दुसरा पुरुष जाणणार नाही असे व्रत घेऊन ती आफ्रिकेस परतली. मुलगा वडिलांकडे राहिला. वधू अजून लग्नाच्या वयाची नव्हती, दोन वर्षे थांबणे भाग होते. तेवढाही धीर न धरवून ऑगस्टीनने आणखी एक स्त्री ठेवली. आपले हृदय रक्तबंबाळ झाले, हे तो सांगतो. तिच्या हृदयाचे काय झाले, हे विचारत नाही. तिचे नावही देत नाही.

नाव न देणे हा त्या काळाचा संकोच मानता येईल; चौथ्या भागात ज्याच्या मृत्यूने तो कोसळतो तो मित्रही अनामच आहे. खरा प्रश्न नावाचा नाही. वासनेबद्दल तो ईश्वराची क्षमा मागतो, पण तिच्यावर झालेला अन्याय हे वेगळे पाप म्हणून त्याच्या हिशेबात येत नाही. नासपतीच्या झाडाचा मालकही असाच बाहेर राहतो. हा आक्षेप आधुनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण तो ख्रिस्ती शास्त्रातूनच निघतो. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की वेदीशी अर्पण आणल्यावर भावाची आपल्याविरुद्ध तक्रार आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. ऑगस्टीनला हे वचन ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

तुलनेसाठी गांधीजींचे 'सत्याचे प्रयोग' पाहावे. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. मग चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली आणि शिक्षा मागितली. वडिलांच्या डोळ्यांतून आसवे गळाली, त्यांनी चिठ्ठी फाडली. येथे कबुली ऐकणारा माणूस समोर आहे, त्याला दुःख होते, आणि क्षमा त्या दुःखातून येते. अर्थात 'कन्फेशन्स'मधील मनाचा सूक्ष्म शोध त्या प्रकरणात नाही, तसा गांधीजींचा हेतूही नव्हता. पण ऑगस्टीनमध्ये काय गळले आहे, ते त्या फाटलेल्या चिठ्ठीमुळे चटकन दिसते.

नवव्या भागात बाप आणि लेक एकत्र बाप्तिस्मा घेतात (387). मुलगा तेव्हा सुमारे पंधरा वर्षांचा होता. पुढे तो लवकरच वारला. त्याच्या बुद्धीचे कौतुक करताना ऑगस्टीन म्हणतो की या मुलात आपले स्वतःचे असे पापाखेरीज काही नव्हते. त्या उताऱ्यात मुलाच्या आईचा उल्लेख नाही.