‘शीळफाटा’ किती बाइटांचा?

कल्याण, मुंब्रा आणि महापे इकडचे रस्ते जिथे मिळतात, त्या ठिकाणाचं नाव आज उदाहरणाला घेऊ: शीळफाटा. प्रोग्राममध्ये हे नाव ठेवायला किती जागा लागते?

स्टॅकवरचा बफर सगळ्यांना आवडतो, आणि ते योग्यच आहे. स्टॅक पॉइंटर सरकवला की जागा तयार; फंक्शन संपलं की ती आपोआप सुटते. मॅलॉकला मात्र हीपवर मोकळा तुकडा शोधावा लागतो, त्याची नोंद ठेवावी लागते. शिवाय स्टॅकचा चालू भाग बहुतेक वेळा कॅशमध्येच असतो. वेगाबद्दल आमची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती आकार ठरवण्याच्या सवयीबद्दल. ‘नावच तर आहे, १६ बाइट पुरे’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

आता मोजून पाहू. रोमन लिपीत हे नाव ९ बाइटांचं. देवनागरीत अक्षरं चार दिसतात, पण युनिकोडची चिन्हं सात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१. शेवटचा शून्य धरून २२. १६च्या बफरमध्ये लांबी न तपासता भरलं तर सहा बाइट बाहेर सांडतात, आणि फंक्शनचा परतीचा पत्ता त्याच स्टॅकवर असतो. १९८८च्या मॉरिस वर्मने फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरची अशीच मर्यादा ओलांडली होती. तिथे वापरलेलं गेट्स हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून जायला २०११ उजाडलं. कापून बसवलं, तर ‘शीळफा’ एवढंच उरतं.

सी++ ची स्ट्रिंगही बघा. ६४-बिट यंत्रावर जीसीसीची लायब्ररी १५ बाइटांपर्यंतचा मजकूर स्ट्रिंगच्या आतच ठेवते, क्लँगसोबतची २२ पर्यंत. रोमन नाव दोन्हीकडे आत मावतं. मराठी नाव एकीकडे मावतं, दुसरीकडे हीपवर जातं. १९९१च्या इस्की प्रमाणात एका चिन्हाला एकच बाइट लागायचा. तेव्हाचा अंदाज आज चालणार नाही.

‘ठाणे’ १२ बाइटांत बसतं, म्हणून चाचणी पास होते आणि प्रोग्राम शीळफाट्याला कोसळतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: बफर स्टॅकवर जरूर घ्या, पण आपल्या मजकुराचे बाइट मोजून. लांबी तपासा, मावलं नाही तर हीपवर जा, अक्षर तोडू नका. आणि चाचणीला ‘कल्याण-डोंबिवली’ घाला. शून्य धरून ४४ बाइट होतात. घरी मोजून बघा.