समान संधीचा आलेख

साथीच्या रोगांचे गणित जेथे शिकवले जाते, तेथे एक आलेख हटकून दाखवला जातो. करमॅक आणि मॅकेंड्रिक ह्यांनी तो १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आलेख मुंबईचा आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ ह्या काळात प्लेगने मेलेल्यांचे आठवडावार आकडे ठिपक्यांनी दाखवलेले आणि त्यांवरून घंटेसारखी एक सुबक रेषा गेलेली. ऐन भरात आठवड्याला नऊशेच्या आसपास माणसे मेली.

ह्या लेखनाचे मोठेपण नाकारायचे कारण नाही. साथ थांबते का, हा प्रश्न त्यांनी नेमका मांडला. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना असा रोग वाढतो. पण लागण होऊ शकेल अशी माणसे कमी होत गेली की त्याला नवे घर सापडेनासे होते. सर्वांना लागण होण्याआधीच साथ उतरते. रोग दमलेला नसतो आणि देवीचा कोपही शमलेला नसतो.

परंतु ह्यासाठी गृहीत काय धरले? माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब मानायचे आणि बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची संधी सारखीच समजायची. समान संधी! जी ह्या देशात माणसाला कागदावर मिळायला १९५० साल उजाडावे लागले, ती मुंबईच्या उंदराला १९०६ सालीच बहाल झाली होती.

लेखकद्वयाने ही गृहीते लपवली नाहीत. ती तंतोतंत खरी नाहीत, हेही त्यांनी नमूद केले. लपवली ती आपण शिकवणाऱ्यांनी. मी संख्याशास्त्र शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. छापलेले ते खरे, ही सवय लागलेली. समीकरण तोंडपाठ होते, त्याशेजारची कबुली मात्र वाचलीच नव्हती. एका विद्यार्थिनीने फळ्याकडे बोट दाखवून विचारले, “सर, ह्यातला उंदीर कोणाच्या चाळीतला?” तेव्हा कुठे मूळ लेख काढून बसलो.

१८९६ साली प्लेग प्रथम उघडकीस आला तो मांडवीत, गोदी आणि धान्याच्या वखारींच्या शेजारी. पुढे १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या. उठवलेली माणसे जवळच्या दुसऱ्या दाट चाळींत शिरली. घंटेसारख्या रेषेत ही हलवाहलव कोठे दिसते?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत, दहिसर, चेंबूर आणि माटुंगा येथे, करोनासाठी रक्त तपासले गेले. झोपडपट्टीत शंभरांतल्या सुमारे ५७ जणांच्या रक्तात लागणीची खूण सापडली, बाहेरच्या घरांत सुमारे १६ जणांच्या. प्रभाग तेच, महिना तोच. सामायिक संडास आणि एका खोलीतला संसार ह्यांनी संपर्काचे माप बदलते. एका वस्तीत साथ झपाट्याने चढून आधी ओसरू लागते, दुसरीत तिला पुष्कळ इंधन शिल्लक असते. आणि दोहोंची सरासरी काढली की कोणत्याच वस्तीत न राहणारा एक मुंबईकर तयार होतो.

दोन गटांचे गणित आज करता येते. गटाच्या आत संपर्क किती आणि एका गटाचा दुसऱ्याशी किती, हे आकडे लागतात. दुसरा आकडा मोजणे अवघड, पण तो मनाने ठरवून टाकणारे पुष्कळ. २०२० साली कित्येक सोसायट्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बायांना फाटकाबाहेर ठेवले. महाराष्ट्रात त्या साथीचे पहिले नोंदलेले रोगी दुबईहून विमानाने परतलेले प्रवासी होते.