हजेरीपट आणि गुणपत्रिका

अमेरिकेत लहानपणी आणल्या गेलेल्या, पण कागदपत्रे नसलेल्या तरुणांचा नागरिकत्वाचा लढा 'ड्रीमर्स' या नावाने ओळखला जातो. त्यांच्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये प्रथम मांडले गेले. डिसेंबर २०१० मध्ये ते कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये ६० मते हवी असताना ५५ वर अडले. या लढ्याशी जोडलेल्या लेखनात होसे आंतोनिओ वार्गास यांचे 'डिअर अमेरिका' (२०१८) महत्त्वाचे आहे.

वार्गास बाराव्या वर्षी फिलिपिन्सहून आजी-आजोबांकडे आले. सोळाव्या वर्षी वाहन परवाना काढायला गेले, तेव्हा आपले कार्ड बनावट असल्याचे कळले. खोटे बोलणे, खपून जाणे आणि लपणे, असे पुस्तकाचे तीन भाग आहेत. रोजच्या खोटेपणाचा थकवा ते आक्रोश न करता सांगतात. २०१२ च्या 'डाका' सवलतीसाठी वय ३१ च्या आत हवे होते. पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतला हा पत्रकार काही महिन्यांनी हुकला.

मात्र या चळवळीच्या भाषेत एक वाक्य सतत येते : 'मुलांचा काहीच दोष नाही.' मग दोष कुणाचा? आईबापांचा! कार्ला कोर्नेहो विल्याविसेन्सिओ यांचे 'द अनडॉक्युमेंटेड अमेरिकन्स' (२०२०) नेमके इथेच बोट ठेवते. लेखिका स्वतः हार्वर्डची पदवीधर. पण ती लिहिते स्टॅटन आयलंडच्या रोजंदारी मजुरांवर, ११ सप्टेंबर २००१ नंतर ढिगारा उपसणाऱ्यांवर. ती नावे बदलते, काही जागी कल्पनेचा आधार घेते. त्यामुळे साक्ष कुठे संपते हे वाचकाला कळत नाही, ही या पुस्तकाची मर्यादा. तरीही मला हेच अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते कुणाचीही गुणपत्रिका पुढे करत नाही.

आपल्या आत्मपर लेखनालाही हा मोह सुटलेला नाही. आपण शहीद जवान, पहिला आलेला विद्यार्थी पुढे करतो. हातगाडीवाला चाचा मागे राहतो. इज्जत मागताना आपणच अट घालून घेतो.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा निकाल दिला. तेव्हा कुणाचे गुण पाहिले नव्हते. शिक्षकाला हे समजायला जड नाही. हजेरीपटावर पहिल्या येणाऱ्याचे नाव असते, तसेच नापास होणाऱ्याचेही असते.