वड्याचं बारसं कुणी केलं?

दिवाळी अंक उघडला की हल्ली एक लेख हमखास सापडतो. वडापावावरचा. लिहिणाऱ्याला शाळेजवळची गाडी आठवते, लसणाची चटणी आठवते, तोंडाला पाणी सुटतं, आणि दोन पानं झाली की तो जाहीर करून टाकतो : वडापाव म्हणजे मराठी माणसाची ओळख, या मातीतला अस्सल पदार्थ. असे चार-पाच लेख मी ओळीनं वाचले. चवीवर सगळे लिहितात. नावाकडं कुणी बघत नाही.

मी दहावीपर्यंतचा माणूस. पण नाव वाचता येतं. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि तिथं तो रताळ्याला होता. रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं आणि तसंच बोटीत बसून आपल्याकडं आलं. पाव पोर्तुगीजांचा. मिरची त्याच वाटेनं आलेली. मातीतला म्हणायला उरलं काय, तर बेसन, लसूण, हळद आणि 'वडा' हा शब्द. बरं, तोही सगळ्या महाराष्ट्राचा नाही. नागपूरकडं गेलात की हाच ऐवज आलुबोंडा होतो, त्यावर तर्री पडते. कोल्हापुरात तो कटात बुडतो. मग 'मराठी माणसाचा' म्हणजे नेमका कुठल्या? मुंबईवाला आपल्या गल्लीला महाराष्ट्र म्हणतो, ही जुनी खोड आहे.

परदेशी आहे म्हणून फेका असं मी म्हणत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. या लेखांत वडा असतो, चटणी असते, पण पाव मुका असतो. का? पाव बोलला तर गैरसोयीचं बोलेल म्हणून.

आपल्याकडं लोक सांगतात, पायानं तुडवून मळतात म्हणून पाव. शब्दाचा पायाशी काही संबंध नाही. पण किळस किती खोल होती ते या खोट्या व्युत्पत्तीत दिसतं. पाव खाल्ला की माणूस बाटला. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली, जातिभेद मोडायला. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. तेही दार लावून. सभासदांची नावं बाहेर फुटली आणि १८६० च्या सुमारास सभा बसली. म्हणजे आज सहावीतलं पोरगं रस्त्यात उभं राहून जे खातं, त्याच्या एका तुकड्यासाठी शिकलेले बाप्ये घाबरून पळाले होते. पुण्यात १८९० साली टिळक-रानडे पंचहौद मिशनच्या चहापानाला गेले, तर ग्रामण्य उभं राहिलं, प्रायश्चित्तं झाली. चहा-बिस्किटावरून! आमच्या लोकांना तर पाण्यासाठी १९२७ साली महाडला जावं लागलं.

तर तोच बाटवणारा पाव आज अस्मिता झाला. झाला याचा आनंद आहे. पण कसा झाला हे सांगायचंच नाही, ही कुठली समीक्षा?

दुसरं. हे लेख म्हणतात, वडापाव गिरणी कामगाराचा. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी गाडीवर वडा पावात घातला, असं सांगितलं जातं. पाळीवरून सुटलेल्या माणसाला उभ्या उभ्या खाता येईल असं काही हवं होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या बसल्या, तेव्हा किती तरी कामगारांनी स्वतःच गाड्या टाकल्या. हे सगळं मान्य. पण 'गिरणी कामगार' असा एकच माणूस नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं आमच्या माणसाला मज्जाव. कारण धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण जॉबरला, साचेवाल्याला चालत नव्हता. लाल बावट्याखाली एकत्र घोषणा देणारे धोट्यापाशी वेगळे होत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी पुढाऱ्यांना घ्यायला लावली. आमची माणसं रिंगखात्यात. मी आज सूतगिरणीत रिंगफ्रेमवरच उभा असतो, योगायोग समजा.

आता हे उष्ट्याचं गणित गाडीवर लावून बघा. वडापाव कागदात मिळतो. बशी नाही, कप नाही, विसळायचं काही नाही. गावाकडच्या हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप असे, वळचणीला ठेवलेला. गाडीवर वेगळं ठेवायला भांडंच नव्हतं. कागद चुरगाळला, फेकला, संपलं. जात विचारायची सोयच राहिली नाही. माझ्या मते वडापावातली सगळ्यात मोठी गोष्ट तो कागद आहे, आणि त्यावर एका लेखात एक ओळ नाही.

पण हे खाणाऱ्याचं झालं. विकणाऱ्याचं काय? आमच्या वस्तीतल्या एका काकानं गाडी टाकली. हौसेनं पाटी रंगवली, 'रमाई वडापाव'. वडा झकास. वस्तीतली पोरं यायची. पलीकडच्या आळीतले लोक पाटी वाचायचे आणि पुढच्या गाडीवर जायचे. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तीन महिन्यांनी काकानं एका देवीचं नाव रंगवलं. तेल तेच, हात तेच, गिऱ्हाईक वाढलं. मी विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, "बाबा, पोरांच्या फिया भरायच्यात. रमाई घरात आहे." मी गप्प बसलो. ब्राह्मणी आडनाव पाटीवर आलं की ती स्वच्छतेची हमी होते, आमचं नाव आलं की तेलाचा वास येतो. च्यायला, नाकालाही जात असते.

म्हणून नाव हा मला खेळ वाटत नाही. २००९ साली शिवसेनेनं 'शिववडा' आणला. वड्याचं बारसं झालं, पेढे वाटून झाले. आम्हाला एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं होतं. १९७८ चा ठराव, १९९४ ला नामविस्तार. मधल्या सोळा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. कुणाचं नाव सहज चिकटतं आणि कुणाच्या नावाला रक्त लागतं, हे दिवाळी अंकवाल्यांनी जरा तपासावं. आणखी एक टूम म्हणजे 'इंडियन बर्गर'. यांना गरिबाच्या पदार्थाचं कौतुक करायचं तरी श्रीमंताच्या पदार्थाचं नाव उसनं घ्यावं लागतं. 'हरिजन' हे असंच वरून आलेलं कौतुक होतं. ते आम्ही परत केलं.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. मराठवाड्यातल्या आमच्या घरांत काय शिजतं ते आमच्याच नावांनी, चान्या म्हणजे चान्या, लाज न बाळगता. पुस्तकाच्या नावातल्या त्या एका 'अ'नं जे केलं ते शंभर रसाळ लेखांना जमलेलं नाही. वडापावावर असं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

लिहायचं असेल तर आधी बेकरीत जावं. पहाटे तीनला, भट्टीपाशी. मुंबईच्या बेकऱ्यांत किती तरी कारागीर उत्तर प्रदेशातले मुसलमान आहेत. लाद्या त्यांच्या हातच्या. त्यांना नाव-गाव विचारावं, आणि मग मराठी मातीतला अस्सल पदार्थ हे शब्द त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावेत. ते काय म्हणतात ते छापावं.