शाळा समितीच्या हाती कोणते माप?

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण कलम २१ मधील कामांच्या यादीत कामकाजावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा विनियोग यांची नावे आहेत. मुलांच्या शिकण्याचे नाव नाही. २०२१च्या ‘निपुण भारत’ने ध्येय दिले : तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत. यातला वेग घड्याळ मोजते. समज कोण मोजणार? मोजायला सोपे तेवढेच मग ध्येय होऊन बसते. शिक्षकांनी हे काम समितीतल्या पालकांवर सोपवावे. मुलाने अनोळखी गोष्ट वाचावी; पालकाने ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. त्यासाठी घड्याळ लागत नाही आणि पालक साक्षर असण्याचीही अट नाही.