हाताचे वळण

जोनी मिचेलच्या संगीताविषयी चार ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांतली एक 'जाझकडे घेतलेले वळण' या शब्दांनी भरून काढायचीच, अशी पाश्चात्त्य समीक्षकांच्या एका पंथाची फार दिवसांची वहिवाट आहे, आणि इतके दिवस मी ती मुकाट्याने सोसत आलो होतो. परंतु मेंदूच्या विकारामुळे 2015 साली जिला बोलणे-चालणेसुद्धा नव्याने शिकावे लागले, ती बाई 2022 च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात अवचित येऊन गाऊ लागली, आणि पुढे 2024 च्या ग्रॅमी समारंभात ऐंशीव्या वर्षी, पार खर्जात उतरलेल्या आवाजात 'बोथ साइड्स नाउ' गाऊन तिने भल्याभल्यांचे डोळे ओले केले, तेव्हापासून या पंथाच्या भक्तीला जो पूर आला आहे, तो आता नाकातोंडात जाऊ लागला आहे. त्यांच्या दफ्तरी नोंद अशी, की आरंभी गिटार, लांब सोनेरी केस आणि 1971 चे 'ब्लू'. शेवटी न्यूपोर्टची ती सिंहासनवजा खुर्ची. आणि मधली सात-आठ वर्षे म्हणजे चांगल्या घरच्या लेकीने भलत्या संगतीला लागावे आणि यथावकाश माहेरी परत यावे, तसा एक पोटात घालण्याजोगा प्रमाद.

वळण हा शब्द मलाही मान्य आहे. मात्र रस्त्याच्या संदर्भात नव्हे, अक्षराच्या. हाताला एकदा वळण बसले की ते जन्मभर सुटत नाही, आणि जोनीच्या हाताला ते वयाच्या नवव्या वर्षी पोलिओने बसवले. डावा हात दुबळा राहिला. गिटारच्या दांडीवर अवघड कॉर्ड दाबून धरणे त्या बोटांच्या आवाक्यात येईना. तेव्हा बोटांचे काम तिने खुंट्यांवर सोपवले, म्हणजे तारा रूढ स्वरांत न लावता ज्या-त्या गाण्याच्या गरजेप्रमाणे निरनिराळ्या स्वरांत लावल्या. मालकंस गाणारा तंबोऱ्याचा पंचम उतरवून मध्यमावर आणतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तीत कुणाला काही नवल वाटू नये. पण या बाईने अशा पन्नासाहून अधिक जुळवण्या केल्या, आणि त्या तारांवर एका-दोन बोटांच्या आधाराने जे स्वरगुच्छ उमटले ते धड प्रसन्नही नव्हते, धड विषण्णही नव्हते. ते प्रश्न विचारत होते. पुढे तिने स्वतःच त्यांचे वर्णन तशा अर्थाच्या शब्दांत केले आहे. एका प्रश्नाचा उलगडा होण्याआधीच दुसऱ्या प्रश्नाकडे निघून जाण्याची ही रीत जाझमधल्या माइल्स डेव्हिसच्या वादकांना जितकी ओळखीची वाटली असती, तितकी कॉफीगृहात डोळे मिटून बसलेल्या लोकगीतप्रेमी विद्यार्थ्याला खासच वाटली नसती. त्याला फक्त शब्द ऐकू येत होते.

आणि लोकगायिका तरी ती कधी होती? कॅनडातल्या सॅस्कटूनसारख्या गव्हाच्या मुलखात वाढलेली, चित्रकला शिकायला बाहेर पडलेली, स्वतःची पदे स्वतः रचणारी ही मुलगी; तिच्या हाती गिटार होती आणि मागे ड्रम नव्हते, एवढ्या दाखल्यावर तिच्या नावे लोकसंगीताचा सातबारा करून टाकण्यात आला. याच न्यूपोर्टने 1965 साली बॉब डिलनच्या हाती विजेवरची गिटार पाहून कल्ला केला होता. लोकसंगीताचे हे स्वयंनियुक्त वतनदार शहरात राहणारे, सुशिक्षित आणि बव्हंशी सुस्थित होते, हा तपशील इथे नोंदवून ठेवतो.

जानेवारी 1974 मध्ये 'कोर्ट अँड स्पार्क' बाहेर आले. ही जेमतेम 37 मिनिटांची ध्वनिमुद्रिका मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. एका स्नेह्याकडून उसनी घेतलेली तिची प्रत परत करायची राहून गेली आणि नंतर परत करण्याजोगी उरली नाही. या ध्वनिमुद्रिकेच्या आधीची गोष्ट अशी, की जोनीच्या गाण्यांना ठेका धरताना रॉकच्या वादकांची त्रेधा उडे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर खिळा ठोकायची सवय असलेल्या हातांना तिची ओळ कुठे मोडेल आणि कुठे लांबेल याचा अंदाज लागत नसे. आणि शेवटी त्यांच्यापैकीच एकाने तिला सुचवले, की बाई, तुम्हाला जाझवालेच शोधावे लागतील. ही हकीकत तिनेच सांगितलेली आहे, आणि वळणवाद्यांनी ती नीट वाचली असती तर निम्मा वाद मिटला असता. कारण त्या हकीकतीवरून उघड होते ते हे, की जाझ बाहेरून आणून गाण्यावर लादला गेलेला नाही, गाणेच आपल्या जोडीदारांना हुडकीत गेले. टॉम स्कॉट आणि त्याचा 'एल. ए. एक्स्प्रेस', ड्रमवर जॉन गेरिन, गिटारवर लॅरी कार्लटन, पियानोच्या पट्ट्यांवर जो सॅम्पल, ही मंडळी तिच्या मागून चालतात, पण कुलीन घरातल्या मंडळींनी चालावे तशी, पायांचा आवाज न करता.

या ध्वनिमुद्रिकेतले 'हेल्प मी' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. पहिल्या दहांत पोचलेले तिचे ते एकमेव गाणे, आणि म्हणून जाणकार त्याच्याकडे किंचित नाक मुरडून पाहतात. मला विचाराल तर आधी 'कार ऑन अ हिल' ऐका. तीन तास उशीर झालेल्या प्रियकराची वाट पाहणारी एक बाई टेकडी चढणाऱ्या मोटारींचे आवाज कान देऊन ऐकते आहे, एवढाच विषय. आपल्या ठुमरीतल्या विरहोत्कंठितेचीच ही हॉलिवुडच्या टेकड्यांवर राहणारी बहीण. सुरुवातीची लय चपळ, शहरी, जरा बेफिकीर. आणि एकाएकी ती लय पायाखालून काढून घेतल्यासारखी नाहीशी होते, जोनीच्याच आवाजाचे थर एकावर एक चढून शब्दहीन समूहगानासारखे काही उभे राहते, काळ थबकतो, एखादी मोटार जवळ येऊन पुढे निघून जावी तसा तो नाद ओसरतो, आणि पुन्हा ती चपळ लय काहीच घडले नाही अशा आविर्भावात सुरू होते. प्रतीक्षेचे हे बाहेरून धावणारे आणि आतून गोठलेले द्विविध काळमान एकट्या गिटारवर छेडून दाखवा, असे माझे वळणवाद्यांना नम्र आव्हान आहे. 'डाउन टू यू'च्या वाद्यमेळाला, तिला आणि स्कॉटला मिळून, ग्रॅमी मिळाले, ते योग्यच झाले. त्या गाण्याचा मध्यभाग ऐकताना मला नेहमी एखादे पत्र लिहून, वाचून, फाडून टाकणाऱ्या माणसाची आठवण होते.

शेवटची दोन गाणी तर वेगळी करताच येत नाहीत. 'ट्रबल चाइल्ड' हे मन मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे गाणे. ते विझता विझता तोंड दाबलेल्या ट्रंपेटचा एक स्वर उरतो, आणि त्याच्याच बोटाला धरून 'ट्विस्टेड' आत येते, मनोविश्लेषकाची टर उडवणारे. वॉर्डेल ग्रेच्या सॅक्सोफोनवादनावर ॲनी रॉसने शब्द बसवून केलेले ते जुने जाझगीत, म्हणजे या तबकडीतले एकमेव अस्सल जाझ, आणि तेच नेमके विनोदी! आतापर्यंत ज्या वेदनेला आपण जपून हात लावत होतो तिच्याकडे पाहून बाई खदखदा हसते. पुष्कळांना हे गाणे शेपटासारखे जादा वाटते. वाटो.

या मार्गावर आणखी कोणी नव्हते असे नाही. व्हॅन मॉरिसनचे 'ॲस्ट्रल वीक्स' (1968) थोर आहे, पण त्यात रिचर्ड डेव्हिसचा बास काढला तर काय उरते याचा विचार न केलेला बरा. टिम बकली आवाजाच्या कसरतीत हरवला. जॉन मार्टिन धुरात. नोरा जोन्सविषयी लिहायला जागा घालवण्याचे प्रयोजन दिसत नाही.

1976 चे 'हेजिरा' मात्र वगळून चालणार नाही. आपल्या हिजरी सनाच्या मुळाशी असलेला 'हिजरत' हाच तो शब्द, आणि ती सारी गाणी प्रवासातली, मुलूख सोडून निघालेल्या बाईची. त्यांतल्या चार गाण्यांत जाको पास्टोरियसचा पडदे नसलेला बास आहे. तो सरोदासारखा मींड घेत तिच्या आवाजाच्या खालून नव्हे, बाजूने चालतो, आणि क्वचित तिला ओलांडूनही जातो. साथीदाराने इतके पुढे जावे आणि गायिकेने ते जाऊ द्यावे, यासाठी किती आत्मविश्वास लागत असेल!

उलट 1979 चे 'मिंगस' मला पुरते पटत नाही, हे कबूल करतो. मरणशय्येवरच्या चार्ल्स मिंगसने दिलेल्या चालींवर शब्द रचताना ती एखाद्या थोर घरी आलेल्या पाहुणीसारखी अंग चोरून बसली आहे. आणि त्याआधी, 1977 च्या 'डॉन जुआन्स रेकलेस डॉटर'च्या वेष्टनावर तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णी पुरुषाच्या सोंगात ती उभी राहिली, त्याची वकिली मी करणार नाही. पण या दोन्ही गोष्टी माझ्याच बाजूच्या साक्षीदार आहेत. जिथे तिने जाझ दुसऱ्याचा म्हणून मागून घेतला किंवा पांघरला, तिथे ती चुकली; जिथे तो तिच्या दुबळ्या हातातून आपोआप निघाला, तिथे तिला सनद दाखवावी लागली नाही.

हा भेद ज्यांना कळत नाही तेच आज गिटारवाल्या प्रत्येक पोराच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत सॅक्सोफोनची एक लकेर ऐकून 'प्रगल्भता' असा शेरा मारतात. ती लकेर म्हणजे भातावरची कोथिंबीर. जाझ नुसता अलंकार म्हणूनही किती गोड लागतो हे संगीतकार चितळकरांच्या 'अलबेला' चित्रपटाने (1951), गोव्याच्या ट्रंपेटवादक चिक चॉकलेटसकट, आम्हाला केव्हाच पटवून दिले आहे. मात्र त्या अलंकाराने स्वतःला आत्मशोध म्हणवून घेतले नव्हते. एकीकडे हे कोथिंबीरवाले आणि दुसरीकडे 'ब्लू'च्या समाधीवर रोज फुले वाहणारे सोवळे, दोघांचाही समज एकच, की स्वर ही वरून घालायची वस्तू आहे. एकाला ती घातलेली आवडते, दुसऱ्याला काढलेली.

सोवळ्यांसाठी पुरावा आता त्यांच्याच देवघरात आला आहे. 2023 साली तिच्या जुन्या मुद्रणांच्या संग्रहाचा तिसरा भाग, 1972 ते 1975 या वर्षांचा, प्रसिद्ध झाला. त्यात 1973 चा एक कच्चा मसुदा आहे: जोनी एकटी पियानोवर बसून 'डाउन टू यू', मग 'कोर्ट अँड स्पार्क', मग 'कार ऑन अ हिल', आणि पुन्हा 'डाउन टू यू' अशी एकातून दुसऱ्यात जात गाते. गेरिन नाही, स्कॉट नाही, कुणी नाही. ते लोंबकळणारे स्वर मात्र सगळे जागच्या जागी आहेत. ज्यांनी हा संग्रह पदरमोड करून विकत घेतला, त्याची आरती ओवाळली, आणि त्याच लेखात पुन्हा 'वळण' लिहिले, त्यांनी ती तबकडी लावली तरी होती का, एवढेच मला विचारायचे आहे.